निळ्यावर हिरवा टाका

माळ उडाली ती सकाळी नऊच्या वाऱ्यानं. सात कापडी बटव्यांची माळ, धुऊन शिवणघराच्या दारातल्या दोरीवर वाळत घातलेली. चिमटे सुटले, माळेनं हवेत एक गिरकी घेतली, अरुंद रस्ता ओलांडला आणि समोरच्या औषधांच्या दुकानाचं शटर दोन्ही हातांनी वर ढकलणाऱ्या माणसाच्या थेट गळ्यात जाऊन पडली. तो दचकला, मागे सरला, आणि शटरच्या आकड्यात अडकून त्याच्या गडद निळ्या कोटाचा खिसा टर्रकन उसवला.

ती धावत आली. गळ्यात टेप, कानामागे खडू, ओठांत दोन टाचण्या. सगळी गल्ली तिला टाचणीच म्हणायची. एक तर टाचण्या कायम ओठांत, आणि त्या काढल्या की बोलणं त्यांच्याहून टोकदार. आता घाईत त्या काढायच्या राहिल्या, त्यामुळे तिनं काय मागितलं ते त्याला काही कळेना.

"आधी तोंडातली हत्यारं काढा," तो म्हणाला. "मग बोलू."

तिनं टाचण्या काढून बाहीला खोचल्या. "माळ द्या. माझी आहे."

"असेल. पण माझ्या गळ्यात पडलीय. अशी सहज कशी सोडू?"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हा माणूस दोन महिन्यांपूर्वी दुकान चालवायला आला होता. पांढऱ्या डब्यांच्या भिंतीपुढे उभा असायचा, येणाऱ्या म्हाताऱ्यांना खुर्ची द्यायचा, गोळी कशी घ्यायची ते दोन-दोनदा सांगायचा... एवढंच तिनं शिवणाच्या मशीनमागून पाहिलं होतं. म्हणजे, एवढं सगळं पाहिलं होतं.

माळ काढता काढता त्यानं एक बटवा तळहातावर घेतला. हे काय आहे, असं त्यानं विचारलं, आणि मग तिला थांबवणं कठीण झालं. आठवड्याचे सात वार, सात बटवे. प्रत्येकाला फुलासारख्या तीन पाकळ्या, प्रत्येक पाकळीत एक कप्पा. पिवळ्या काठाची सकाळची, हिरव्या काठाची दुपारची, निळ्या काठाची रात्रीची. आत्याच्या गोळ्यांसाठी तिनं स्वतः बेतलेले, स्वतः शिवलेले. गेल्या दीड वर्षात रात्री एकही पाकळी भरलेली राहिली नव्हती.

तो बटवा बोटांवर फिरवत राहिला. अर्धा फेरा, पाऊण फेरा.

"याची वरची बाजू कोणती?"

"फुलाला वरची बाजू असते का?" ती म्हणाली.

तो हसला नाही. गोळ्या आत पाकिटासकट ठेवता की सुट्या, असं त्यानं विचारलं. सुट्या, ती म्हणाली. त्यावर तो हळूच म्हणाला की सुटी गोळी सर्दावते, आणि तिचं नाव पाकिटाबरोबर केरात जातं. काम सुरेख आहे, टाका तर फारच, फक्त...

त्या 'फक्त'वर तिनं माळ ओढून घेतली. मग तिची नजर त्याच्या लोंबणाऱ्या खिशावर गेली आणि राग अर्ध्यावर राहिला. "खिसा आमच्यामुळे गेलाय. कोट आणून द्या. आत्या शिवून देईल. तिच्या हाताचा टाका दुर्बिणीनं शोधायला लागतो."

ही आत्या म्हणजे तिच्या वडिलांची थोरली बहीण. पण हाक सगळी गल्ली मारायची, आत्या. वय बहात्तर, त्यातली पन्नास वर्षं मशीनवर. कापड हातात घेतलं की रीळ न लावता, न पडताळता नुसत्या नजरेनं सांगायची, याला हा दोरा. आणि तोच दोरा असायचा. दोऱ्यांच्या दुकानातल्या नव्या माणसाला शिकायला पाठवायचे तर आत्याकडे. अंगठ्याएवढं कापड कापायचं तरी आधी टेप लावायची. अंदाजानं शिवणारे वेगळे, असं मान ताठ करून म्हणायची. तिच्या हाताखाली टाचणी लहानाची मोठी झाली होती, आणि तो ताठपणाही तिनं मापानं उचलला होता.

पण गेले तीन महिने आत्याला चक्कर यायची. कधी भर दुपारी मशीनवर मान लवंडायची. कधी सकाळी न्हाणीघरात तोल जायचा. मागच्या पंधरवड्यात कोपर काळंनिळं झालं. मग बाबांचा फोन आला. वय झालंय, आता बस झालं, असं ते म्हणाले. पंधरा दिवसांनी रविवारी येतो आणि ताईला माझ्याकडे घेऊन जातो. मशीन कोणाला तरी देऊन टाकू. आत्यानं फोन ऐकून घेतला. ठेवला, आणि मशीनला तेल घालत बसली. तेल कालच घातलं होतं. टाचणीनं ते पाहिलं. तिला ते घर हवं होतं, ती घरघर हवी होती. मशीनवर वाकून आत्या जे गुणगुणायची ते हवं होतं –

सुई गं चालली, मागं दोरा चालतो,
टोचते ती पुढे, हा मागून सांधतो.

हे गाणं आत्याचं स्वतःचं होतं. कोणावरून रचलं, ते मात्र कधी सांगितलं नाही.

माळ उडाल्यानंतर चार दिवस टाचणीला कोट जवळून दिसला नाही. तो तिच्या माघारी देऊन गेला, तिच्या माघारी घेऊन गेला; ती दोन्ही वेळा मापं घ्यायला बाहेर, आणि आत्याचं ते सांगायचं राहिलं. पाचव्या दिवशी भुरभुर पाऊस लागला, ती आत्याच्या गोळ्या आणायला समोर गेली आणि दुकानाच्या पत्र्याखाली दोघंच उभी राहिली. पत्र्यावरून थेंब ओघळत होते. तो बोलता बोलता थांबायचा, ती दुसरीकडे बघायची, मग दोघं एकदमच बोलायला लागायची आणि एकदमच गप्प व्हायची. औषधाचा, ओल्या मातीचा आणि धुतलेल्या कापडाचा असा एक वास...

तेवढ्यात तिला खिसा दिसला. गडद निळ्या कोटावर हिरव्या दोऱ्याची शिवण, वरपासून खालपर्यंत.

"हे कोणाकडून शिवून घेतलंत?" ती म्हणाली. "आम्ही काय मेलो होतो? डोळे मिटून शिवलंय की काय बाईनं."

"चांगलं शिवलंय," तो म्हणाला.

"चांगलं? निळ्यावर हिरवा?"

"टाका बघा."

त्यानं कोट अंगातून काढला आणि तिच्या हातावर ठेवला. तिनं बघितलं. बारीक, एकसारखा, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा. प्रत्येक सातव्या टाक्यानंतर एक उलट घेतलेला. असा टाका जगात दोनच माणसं घालत होती, आणि त्यातली एक ती स्वतः होती.

पाऊस पत्र्यावर वाजत राहिला.

तो अगदी खालच्या आवाजात बोलला. कोट हातात आला तेव्हाच त्याला कळलं होतं. म्हाताऱ्या डोळ्यांवर पिवळसर पडदा धरतो, मग गडद निळा आणि गडद हिरवा सारखेच दिसायला लागतात. दुकानात रोज कोणीतरी तसं येतं. त्याला खिशाचं काही नव्हतं. त्याला बटव्याच्या पाकळ्या आठवल्या होत्या.

"सांगायचं कसं, तेच चार दिवस जुळवतोय. रात्री पाकळ्या रिकाम्या असतात, खरं आहे. पण कोणती पाकळी कधी रिकामी झाली?"

"आत्याच्या नजरेवर बोट ठेवू नका," टाचणी म्हणाली. "तुम्हाला माहीत नाही ती कोण आहे."

"म्हणूनच तो कोट रोज घालतोय," तो म्हणाला. "कोणी विचारलं तर सांगतो, आत्यांनी शिवलाय."

ती पावसातच निघाली. गोळ्या घ्यायच्या राहिल्या, आणि कोट तिच्याच हातात राहिला.

घरात येऊन ती रिळांच्या फळीपुढे उभी राहिली. माळ उडाली त्याच दिवशी तिनं फळी झाडून-पुसून रिळांच्या ओळी बदलल्या होत्या. निळ्यांच्या जागी हिरवी गेली होती. म्हणजे आत्या इतके दिवस रिळं रंगानं ओळखतच नव्हती. जागेनं ओळखत होती.

तिनं दोन रिळं उचलली आणि आत्यापुढे तळहातावर धरली. "आत्या, यातलं निळं कोणतं गं?"

आत्यानं बघितलं. चष्मा वर केला, खाली केला. रिळं घेऊन दारातल्या उजेडात गेली. मग परत येऊन खुर्चीत बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मशीन समोर असताना ते हात असे मोकळे टाचणीनं कधी पाहिले नव्हते.

"गेल्या थंडीपासून," आत्या म्हणाली. "पन्नास वर्षं या नजरेचं नाव आहे, पोरी. ते असं कसं टाकून देऊ?"

"मग रात्रीची पाकळी कशी ओळखायचीस?"

आत्या खिडकीकडे बघत राहिली. "अंदाजानं."

जी बाई चिंधीलाही टेप लावायची, ती रोज दुपारी आणि रात्री अंदाजानं गोळ्या गिळत होती.

हळूहळू सगळं उलगडलं. कधी रात्रीची झोपेची गोळी दुपारी पोटात जायची, आणि मशीनवर मान लवंडायची. मग रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही. म्हणून गुडघ्यांना तेल चोळायला येणाऱ्या मालिशवाल्या बाईकडून आत्यानं झोपेचं चूर्ण घ्यायला सुरुवात केली होती, दुधातून, कोणाला न सांगता. आणि ज्या रात्री चुकून बरोबर पाकळी हाताला लागायची, त्या रात्री गोळीही जायची अन् चूर्णही. न्हाणीघरातले तोल त्याच सकाळचे. म्हणजे सगळ्यात वाईट दिवस बरोबर पाकळीचे होते.

टाचणीनं सातही बटवे मांडीवर ओढले. "चूक माझी आहे. तिन्ही पाकळ्या सारख्या केल्या. फुलासारखं दिसावं म्हणून. मला मिरवायचं होतं."

आत्यानं तिच्याकडे पाहिलं. मग खणातून उसवणी काढून तिच्यापुढे सरकवली. "मग उसव. बघत काय बसलीस?"

दुसऱ्या दिवशी आत्या इस्त्रीचे कपडे घालून स्वतः समोर गेली. काठी घेतली नाही, टाचणीचा हात घेतला. घरात जे जे पोटात जातं आणि जे जे अंगाला चोळलं जातं, ते सगळं एका पिशवीत आणा, असं त्यानं आदल्या संध्याकाळी कोट परत द्यायला गेलेल्या टाचणीला सांगितलं होतं. ती पिशवी आत्यानं त्याच्या टेबलावर उपडी केली. डॉक्टरांच्या गोळ्या, जुन्या उरलेल्या गोळ्या, तेलाची बाटली, चूर्णाची पुडी. त्यानं एकेक उचलून कागदावर लिहिलं, तारखा गेलेल्या बाजूला काढल्या. तेल हुंगून परत दिलं. कातडीला खाज नसेल, जखमेवर लावत नसाल, तर खुशाल चोळा, म्हणाला. पुडी मात्र त्यानं बराच वेळ हातात धरली.

"ते झाडपाल्याचं आहे," आत्या म्हणाली. "त्याला कसला अपाय?"

"आत्या, पाल्यात गुण असेल तर जोरही असणारच. जोरच नसेल, तर तुम्ही घेता कशाला?"

आत्यानं पुडीकडे पाहिलं. मग तिच्या ओठांचा कोपरा हलला. "गोळीमास्तर, तू बोलतोस बरा."

टाचणीनं मान खाली घातली, हसू लपवायला. नाव चिकटलं ते चिकटलंच.

गोळीमास्तरानं आपल्या मनानं एकही गोळी बदलली नाही. कागद घेऊन तो आत्याच्या डॉक्टरांशी बोलला, पुडीत काय असावं तेही सांगितलं. डॉक्टरांनी आत्याला बोलावून तपासलं. चूर्ण बंद केलं, एक गोळी काढून टाकली, झोपेची एकदम न तोडता हळूहळू कमी करायला सांगितली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख दिली. त्या दिवसांत टाचणीच्या रस्त्यापलीकडे किती फेऱ्या झाल्या ते तिनं मोजलं नाही. आत्यानं मोजलं. दोऱ्याशिवाय सुई भारीच इकडून तिकडे करते आहे, असं ती मशीनकडे बघून म्हणायची.

बटवे नव्यानं शिवले गेले. पाकळ्या त्याच, पण आता सकाळच्या पाकळीवर एक बटण, दुपारच्यावर दोन, रात्रीच्यावर तीन. डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळावं असं. पाकळ्याही मोठ्या केल्या, गोळी पाकिटासकट आत मावेल एवढ्या. आणि प्रत्येक बटव्यात नावांची चिठ्ठी. पाकीट कुठून कापलं म्हणजे नाव आणि तारीख शाबूत राहते, ते त्यानं तिला शिकवलं. कातर कशी धरायची, ते तिनं त्याला शिकवलं. त्यासाठी त्याचा हात धरावा लागला. जरा जास्तच वेळ धरावा लागला.

"धार लागेल," तो म्हणाला.

"लागली तर औषधाचं दुकान तुमचंच आहे."

आणि रविवार आला. बाबा सकाळीच पोचले, रिकामी मोठी बॅग घेऊन. आत्याला मशीनवर बसलेली पाहून दारातच थबकले. गेल्या आठ दिवसांत एकदाही चक्कर आली नव्हती. पण ते फोनवर सांगितलेलं त्यांना खरं वाटलं नव्हतं. तेवढ्यात गोळीमास्तरही आला. आत्यानंच बोलावलं होतं. नेहमीचा निळा कोट अंगात.

बाबा शिंप्यांच्याच घरातले. त्यांची नजर आधी खिशावर गेली. "हे कोणाचं काम? निळ्यावर हिरवा?" मग ते वाकले, टाका पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला. "ताई... हे तुझं आहे."

टाचणीनं बॅगेकडे पाहिलं. आता बाबा म्हणणार, नजरही गेली. आता बॅग उघडणार. तो काहीतरी बोलायला पुढे झाला. हिरवा मीच मागितला होता, असलंच काहीतरी सांगणार होता, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आत्यानं हात वर करून त्याला थांबवलं.

"माझंच आहे," ती म्हणाली. "मला निळा-हिरवा आता कळत नाही. लपवलं, म्हणून पडत होते. वयानं नाही पडत होते, लपवल्यानं पडत होते. या मुलानं ते ओळखलं आणि चारचौघांत बोलला नाही. वर तो कोट गल्लीभर मिरवला. म्हणून आता मी माझ्या तोंडानं सांगते."

तिनं पाय मशीनवरून काढले आणि बटवा उचलला. डोळे मिटले. बोट फिरवलं. "ही सकाळची. ही दुपारची. ही रात्रीची. माझ्या भाचीनं बेतलंय. परवापासून गल्लीतल्या पाच घरांतून मागणं आलंय, आणि ते शिवायला मी इथं लागणार आहे. बॅग आणलीस ते बरं केलंस. जाताना इथं पडून असलेल्या तुझ्या फाटक्या विजारी शिवून नेशील त्यात."

बाबा पुढे झाले. त्यांनी बटवा हातात घेतला, स्वतःचे डोळे मिटले आणि बोट फिरवून पाहिलं. मग लेकीकडे बघितलं. त्या बघण्यात जे होतं ते टाचणीला आयुष्यभर पुरलं असतं.

दुपारी त्यांनी बॅगेत खरोखरच दोन विजारी भरल्या आणि ते एकटेच गेले.

संध्याकाळी टाचणीनं त्याच्याकडून कोट मागून घेतला. तो दारातल्या स्टुलावर बसला, ती आत शिवत राहिली. काय करताय, असं त्यानं दोनदा विचारलं. तोंडात टाचण्या असल्याचं निमित्त करून तिनं उत्तर दिलं नाही. उन्हं कलली तेव्हा तिनं कोट आणून दिला. दुसऱ्या खिशावरही हिरवी शिवण होती. तसाच बारीक टाका, प्रत्येक सातव्यानंतर एक उलट.

"आता याला कोणी चूक म्हणणार नाही," ती म्हणाली. "नक्षी म्हणतील."

त्यानं कोट अंगात घातला. खिशावरून हात फिरवला. काहीतरी बोलायचं होतं, पण चार-चार औषधांची नावं एका दमात सांगणारा माणूस त्या घडीला पार अडखळला. "मला... म्हणजे त्या दिवशी माळ गळ्यात पडली ना... ती मी परत द्यायलाच नको होती."

"खिशात हात घाला," ती म्हणाली.

त्यानं हात घातला. आत, अस्तराला, बोटाला काहीतरी लागलं. एक बटण. थोडं खाली, दोन. त्याच्या खाली, तीन. त्यानं डोळे मिटले आणि पुन्हा एकदा मोजलं, सावकाश, जसं आत्यानं मोजलं होतं.

"सकाळ," तो म्हणाला. "दुपार. रात्र."

"नागा करायचा नाही," टाचणी म्हणाली. एवढं बोलून तिची धार संपली, आणि ती नुसतीच उभी राहिली.

"आणि किती दिवस घ्यायचं?"

"ते डॉक्टरांना विचारा."

"डॉक्टर नाही, मी सांगते," आतून आत्याचा आवाज आला. "जन्मभर. आणि आता जा, मला ऐकू सगळं येतं, डोळेच काय ते गेलेत."

तो रस्ता ओलांडून गेला. गल्लीतल्या सगळ्यांना दिसेल असा, मधोमध चालत, छाती काढून; दोन्ही बाजूंना हिरव्या शिवणी आणि उजवा हात खिशात. दुकानाच्या पायरीवर पोचला तरी हात बाहेर काढला नाही. ती दारात उभी राहून बघत होती, त्याच्यासारखीच ताठ. मागे मशीन सुरू झालं, आणि मशीनवर ते गाणं. या वेळी दुसरी ओळ आधी: टोचते ती पुढे, हा मागून सांधतो.